बरणीत समुद्र मुरवणारा माणूस

घरात फिश टँक आहे ना? दोन-अडीच फुटांचा, तळाला निळे खडे, कोपऱ्यात झाकण उघडझाप करणारी प्लास्टिकची पेटी, आणि त्याच त्या फेऱ्या मारणारे चार गोल्डफिश. मग कधीतरी मोबाइलवर रील बघताना केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश समोर आला असेल. 'निमो'वाला. आणि लगेच डोक्यात आलं असेल, की टँक तर आहेच, मीठ टाकलं की झाला समुद्र!

जरा थांबा. आधी त्या गोल्डफिशचा विचार करा. त्याच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे पाणी सतत त्याच्या आत शिरत राहतं आणि तो ते लघवीवाटे बाहेर टाकत राहतो. समुद्राच्या पाण्यात हे सगळं उलटं होतं. तिथे त्याच्याच अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणजे पाण्यात बुडालेला असूनही तो तहानेने मरतो. मॉलीसारखा एखादा मासा हळूहळू सवय केली तर खाऱ्या पाण्यात तगतो, गोल्डफिश तगत नाही. म्हणून टँक 'खारा' करायचा म्हणजे जुने मासे आधी दुसऱ्या घरी द्यायचे आणि मग सगळी सुरुवात शून्यापासून.

दुसरी गोष्ट, समुद्र आणायचा कुठून? कळंबला मांजरा आहे, पण ती गोड्या पाण्याची. मुंबईचा समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरच्या आसपास. समुद्रापासून लांब राहणाऱ्या माणसाने समुद्र पाळायचा कसा, हा प्रश्न आपल्याआधी सुमारे 170 वर्षांपूर्वी लंडनमध्ये एकाला पडला होता. त्याने तो घरातल्या तराजूवर सोडवला. आपण आज जो शब्द सहज वापरतो, 'अ‍ॅक्वेरियम', तोही आजच्या अर्थाने त्यानेच रूढ केला. फिलिप हेन्री गॉस त्याचं नाव. आज हे नाव फारसं कानावर येत नाही, पण त्या काळी इंग्लंडमध्ये शिकल्यासवरलेल्या घरात त्याचं एखादं तरी पुस्तक असायचंच.

गॉस जन्मला 6 एप्रिल 1810 रोजी, इंग्लंडमधल्या वूस्टर गावात. वडील छोटी चित्रं काढून विकायचे, त्यासाठी गावोगाव फिरायचे, आणि पैसा कधी टिकायचा नाही. मुलगा वाढला पूल नावाच्या बंदरात (हो, गावाचंच नाव पूल). तिथे त्याची एक आत्या होती, मिसेस बेल. तिला किनाऱ्यावरच्या जिवांची भारी आवड. खडकांच्या खळग्यांत फुलासारखे दिसणारे समुद्रफूल नावाचे प्राणी असतात, ते समुद्राच्या पाण्यासकट भांड्यात ठेवून बघ, असं तिनेच या पोराला सुचवलं. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. आत्यांचं श्रेय इतिहासात सहसा कोणी लिहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

शिक्षण अर्धवट राहिलं. सतराव्या वर्षी, 1827 मध्ये, घरच्यांनी त्याला जहाजात बसवून थेट कॅनडाच्या टोकाला, न्यूफाउंडलंडच्या कार्बोनियर गावी पाठवलं. काम काय, तर एका व्यापारी पेढीत कारकुनी. सील आणि कॉड मासळीचे हिशेब लिहायचे. तुमच्यापैकी जे बारावीनंतर पुण्याला कंपनीत लागले, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आठ वर्षं त्याने ते केलं. मधे 1832 मध्ये सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक त्याने विकत घेतलं आणि तिथून गाडी रुळावर आली. दिवसा वही हिशेबाची, रात्री वही किड्यांची. त्या बेटावरच्या कीटकांची चित्रं त्याने इतकी बारकाईने काढली की ती बघून आजही लोक थक्क होतात.

पुढे कारकुनी सोडून तो कॅनडात शेती करायला गेला. तीन वर्षं कष्ट केले, पण शेती काही बसली नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांनो, तुम्हाला हे आणखी सांगायची गरज नाही. पिकापेक्षा बांधावरची फुलपाखरंच त्याने जास्त राखली असणार, असा मला दाट संशय आहे. मग 1838 मध्ये अमेरिकेत, अलाबामात मास्तरकी. तिथल्या मळ्यांवर गुलामांचे हाल त्याने डोळ्यांनी पाहिले, ते त्याला सहन झाले नाहीत, आणि वर्षाच्या आतच तो निघाला.

तिशीच्या उंबरठ्यावर हा माणूस लंडनला परतला तेव्हा त्याच्याकडे काय होतं? कॅनडातल्या निरीक्षणांनी भरलेल्या वह्या. बस. नोकरी नाही, डिग्री नाही, ओळखी जेमतेम. दिवसाला एक हेरिंग मासा, तोही पुरवून पुरवून खायचा, असे दिवस काढले. त्याच मिसेस बेल आत्याचा मुलगा थॉमस बेल तोवर नावाजलेला प्राणिशास्त्रज्ञ झाला होता. त्याने हस्तलिखित प्रकाशकाकडे पोचवलं. प्रकाशकाने शंभर गिनी द्यायचं कबूल केलं, तेव्हा गॉस त्याच्या ऑफिसातच रडला. 1840 मध्ये पुस्तक आलं.

नंतर जमेका. 1844 पासून दीड वर्ष तो तिथे पक्षी गोळा करत राहिला. हाताखाली सॅम्युअल कॅम्पबेल नावाचा तिथलाच एक काळा तरुण होता. गॉसने त्याचं नाव पुस्तकात आदराने, वारंवार घेतलं. तेव्हाचे गोरे साहेब नोकराचं नाव छापत नसत, म्हणून हे महत्त्वाचं. 1848 मध्ये त्याचं लग्न झालं, एमिली बोज हिच्याशी. ती स्वतः लिहिणारी होती. सप्टेंबर 1849 मध्ये मुलगा झाला, एडमंड. त्या दिवशी गॉसने डायरीत दोन नोंदी केल्या. पहिली बायको बाळंत झाल्याची, दुसरी जमेकाहून हिरवी पाकोळी आल्याची. लोक यावर अजून हसतात. मुलाने मोठेपणी बापाची बाजू घेतली, की मी पाकोळीच्या आधी जन्मलो, म्हणून माझी नोंद आधी. एवढा शिस्तीचा माणूस.

आता मुख्य गोष्ट. 1850 च्या सुमारास गॉस लिहून लिहून आजारी पडला, डोकं सतत दुखायचं. जानेवारी 1852 मध्ये सगळं घर घेऊन तो डेव्हनच्या किनाऱ्यावर हवापालटाला गेला. ओहोटीला कमरेपर्यंत पाण्यात उतरायचं, छिन्नी-हातोड्याने खडकाची कपची काढायची, तिच्यावर चिकटलेलं समुद्रफूल, शेवाळ, छोटे खेकडे अख्खे घरी आणायचे आणि काचेच्या बरणीत ठेवायचे. अडचण तीच, जी तुमच्या टँकची. दोन दिवसांत पाणी नासायचं, वास मारायचा, सगळे मरायचे.

या अडचणीवर काम करणारा तो एकटा नव्हता. अ‍ॅना थिन नावाच्या बाईने 1846 मध्ये टॉर्कीहून लंडनला नेलेली प्रवाळं जगवली होती. कशी, तर मोलकरणीला उघड्या खिडकीपाशी उभं करून रोज ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायला लावायचं, म्हणजे हवा मिसळते. आपला एअर पंप हेच करतो, फक्त त्याचे हात दुखत नाहीत. रॉबर्ट वॉरिंग्टन हा लंडनचा रसायनशास्त्रज्ञ. त्याने आधी गोड्या पाण्याचा टँक जमवला. गोल्डफिश, पाणवनस्पती, आणि सडकी पानं खायला गोगलगायी. वनस्पती उजेडात प्राणवायू देतात, मासे तो घेतात, गोगलगायी कचरा आवरतात, आणि पाणी बदलावं लागत नाही. 1850 मध्ये त्याने हे छापलं. त्यानंतर तोच हिशेब खाऱ्या पाण्याला लावायला घेतला. म्हणजे गोड्याचा टँक खारा करू बघणाऱ्या पहिल्या माणसांत हा वॉरिंग्टन बसतो.

गॉसने हे सगळं समुद्राकाठी, स्वतःच्या हाताने करून बघितलं. त्याच्या लक्षात आलं की सगळं शेवाळ चालत नाही. तपकिरी, मोठं शेवाळ सडतं. पातळ हिरवं, कोशिंबिरीच्या पानासारखं शेवाळ टिकतं आणि उजेडात बुडबुडे सोडतं. आधी शेवाळ स्थिरावू द्यायचं, मग प्राणी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला तेव्हा माशांसाठी काचेचं घर बांधायचं होतं, त्यासाठी जीव गोळा करून द्यायचं काम गॉसने घेतलं. वेमथच्या किनाऱ्यावरून बरण्या भरभरून रेल्वेने लंडनला जात. मे 1853 मध्ये ते घर उघडलं. जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय ते हेच. (आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय झालं 1951 मध्ये. तिथेही गोड्याच्या आणि खाऱ्याच्या टाक्या वेगवेगळ्या होत्या.)

पाणी रेल्वेने आणणं काय असतं ते आपल्या भागाला शिकवायला नको. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती. लंडनच्या हौशी लोकांनाही समुद्र पिंपात भरून रेल्वेनेच मागवावा लागायचा. महाग पडायचं, आणि येईपर्यंत कधी कधी नासलेलं असायचं. गॉसने विचार केला, की समुद्रात आहे तरी काय? ब्रायटनजवळच्या समुद्राच्या पाण्याचं रासायनिक पृथक्करण एका शास्त्रज्ञाने आधीच छापलेलं होतं. गॉसने ते समोर ठेवलं आणि यादी कापत गेला. जे अगदी किंचित आहे ते सोडलं. चुना वेगळा घातला नाही, कारण तळाशी टाकलेल्या शिंपल्यांच्या आणि प्रवाळांच्या तुकड्यांतून तो मिळेल असा त्याचा हिशेब. शेवटी चारच वस्तू उरल्या. शंभर भाग मिश्रणात 81 भाग साधं मीठ, 7 भाग एप्सम सॉल्ट, 10 भाग मॅग्नेशियम क्लोराइड आणि 2 भाग पोटॅशियम क्लोराइड. एक गॅलनला जरा कमी पाणी, म्हणजे साडेचार लिटरच्या आतबाहेर, त्यात मीठ सुमारे 100 ग्रॅम.

हे 1854 मधलं. मिश्रण गाळून बरणीत घातलं, हिरवं शेवाळ टाकलं आणि थांबला. मग समुद्रातले जीव सोडले. ते जगले. ज्या पाण्याने समुद्र कधी बघितलाच नव्हता, त्यात समुद्रफुलं उमलली. मला या सगळ्या गोष्टीत 'थांबला' हा शब्द सगळ्यात मोठा वाटतो. आज आपल्याला माहीत आहे की तेवढ्या दिवसांत पाण्यात न दिसणारे जिवाणू वाढतात, माशांच्या विष्ठेतून होणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. गॉसला यातलं काही ठाऊक नव्हतं. तरी पाणी लोणच्यासारखं मुरावं लागतं, हे त्याने निरीक्षणावरून ओळखलं. आजही खाऱ्या टँकला मासा सोडण्याआधी चार ते सहा आठवडे रिकामा चालवतात. गोड्या टँकच्या फिल्टरमधले जिवाणू खाऱ्यात बहुतेक मरतात, म्हणून जुना फिल्टर आहे, आपल्याला थांबायला नको, असं म्हणू नका.

त्याच वर्षी त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' पुस्तक आलं. त्याआधी या टँकला 'व्हायव्हेरियम' वगैरे जड नावं होती. गॉसने सुटसुटीत लॅटिन शब्द उचलला. मूळ लॅटिनमध्ये त्याचा अर्थ, ऐका, गुरांनी पाणी प्यायची जागा. म्हणजे आपला हौद!

पुस्तक तुफान खपलं. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये गेला होता, काच स्वस्त झाली होती, रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. घरोघरी दिवाणखान्यात टँक आले. विल्यम अल्फोर्ड लॉइडने लंडनमध्ये नुसतं अ‍ॅक्वेरियमच्या सामानाचं दुकान काढलं, तिथे समुद्राचं पाणीसुद्धा विकत मिळे. गॉस इल्फ्राकोंबच्या किनाऱ्यावर लोकांना खडक दाखवत फिरू लागला, आजच्या भाषेत वर्कशॉप. 1856 मध्ये रॉयल सोसायटीने या डिग्री नसलेल्या कारकुनाला फेलो करून घेतलं. डार्विनशी त्याचा पत्रव्यवहार होता.

आणि मग 1857. फेब्रुवारीत एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. तिच्यावर झालेले उपचार रोगाइतकेच यातना देणारे होते. घरात आठ वर्षांचाही न झालेला मुलगा. त्याच वर्षी गॉसने 'ऑम्फलॉस' नावाचं पुस्तक काढलं. तो कट्टर धार्मिक होता, आणि खडकांतले जीवाश्म व बायबलमधली सृष्टीची गोष्ट यांचा मेळ त्याला घालायचा होता. देवाने जग निर्माण केलं ते जुनंच दिसावं असं केलं, हा त्याचा युक्तिवाद. शास्त्रज्ञांना पटला नाही, धार्मिकांनाही नाही. पुस्तक आपटलं. दोन वर्षांनी डार्विनचं पुस्तक आलं. खडकाची एक कपची इतकी बारकाईने बघणारा माणूस खडकाचं वय बघायला तयार नव्हता, हे कोडं मला तरी सुटत नाही.

तो मुलाला घेऊन डेव्हनला, सेंट मेरीचर्चला कायमचा राहायला गेला. तिथे समुद्रफुलांवरचा मोठा ग्रंथ पुरा केला. आणि तिथेच त्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच घडत गेलं. त्याची पुस्तकं वाचून लोक किनाऱ्यावर येत. छिन्नी, हातोडी, जाळी, बरण्या घेऊन. ज्या खळग्यांचं त्याने इतकं देखणं वर्णन केलं होतं, ते खळगे खरवडले जाऊ लागले. लोक बरण्या भरून नेत, घरी पाणी नासे, सगळं मरे, आणि पुढच्या सुट्टीत परत येत. काही वर्षांत टँकची लाट ओसरली, पण तोवर ते खळगे ओकेबोके झाले होते. एडमंडने पुढे 1907 मध्ये आपल्या आठवणी लिहिल्या. लहानपणी बापाबरोबर पाहिलेला किनारा आता कोणालाच दिसणार नाही, असं त्याचं म्हणणं, आणि आपल्याच पुस्तकांनी हे झालं हे बापाला कळून चुकलं होतं, त्याचं त्याला फार लागलं होतं, असंही.

म्हणजे बघा, पाण्याची कृती त्याने दिली. त्या पाण्यात राहणाऱ्या जिवांची कृती मात्र कोणाकडेच नव्हती. ते किनाऱ्यावरूनच उचलावे लागत.

आपल्यासाठी ही जुनी गोष्ट नाही. आज तुम्ही मीठ विकत घ्याल ते तयार मिळतं, कॅल्शियमसकट. लिटरला सुमारे 35 ग्रॅम, म्हणजे 100 लिटरच्या टँकला साडेतीन किलोच्या पुढे. घरातलं आयोडीनचं मीठ चालत नाही. बोअरचं जड पाणीही चालत नाही, आरओचं लागतं, आणि आरओ जेवढं पाणी देतं त्याहून जास्त नाल्यात सोडतं. मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट बघणाऱ्या गल्लीत हा हिशेब आधी करा. सोडलेलं पाणी निदान भांड्यांना, फरशीला वापरा. टँकमधलं खारं पाणी मात्र झाडांना घालू नका.

जुन्या टँकमध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध कधी घातलं असेल, तर खडे टाकून द्या. तांबं त्यांत मुरून राहतं आणि कोळंबी, गोगलगायींना मारतं. आपल्या उन्हाळ्यात पाणी उडतं, पण मीठ उडत नाही, म्हणून रोजची भर गोड्याच पाण्याची घालायची, खाऱ्याची नाही. काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवायची ही युक्तीसुद्धा त्याच काळातली आहे. आणि लाइट गेली तर? मेच्या उकाड्यात बॅटरीवरचा एअर पंप हाताशी हवाच, कारण पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी राहतो.

राहिला प्रश्न जिवांचा. क्लाउनफिशची पैदास आता टाकीतच करता येते. दुकानदाराला विचारा, की हा टाकीत वाढलेला आहे की समुद्रातून धरलेला. टाकीतला असेल तरच घ्या. प्रवाळ आणि समुद्रघोडा यांना आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे, कोणी गुपचूप दाखवला तरी हात लावू नका. आणि हे सगळं वाचून गोल्डफिशच बरे वाटले, तर वॉरिंग्टनची सुरुवातही त्यांच्यापासूनच झाली होती.

गॉस म्हातारपणी ऑर्किडकडे आणि पाण्याच्या थेंबात राहणाऱ्या रोटिफर नावाच्या सूक्ष्म जिवांकडे वळला. 1860 मध्ये त्याने दुसरं लग्न केलं होतं, एलायझा ब्राइटवेन हिच्याशी, आणि घर पुन्हा घर झालं होतं. शेवटच्या हिवाळ्यात त्याला आकाशाचा नाद लागला. थंडीत उघड्या खिडकीशी दुर्बीण लावून बसला आणि छाती भरली. त्यातून तो पुरता उठला नाही. 23 ऑगस्ट 1888 रोजी, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, समुद्रापासून चालत जाता येईल अशा त्याच घरात तो गेला.